मुशीच्या पोटातील मिठागर

कोकणातल्या मासळीबाजारात मोरी घ्यायला आलेली जाणती बाई आधी मासा बोटाने दाबून पाहते आणि मग वाकून त्याचा वास घेते. बांगडा किंवा सुरमई शिळी झाली तर तिचा वास निराळा. मोरी शिळी झाली म्हणजे मात्र नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प सुटतो. हा दर्प शेतकरी बंधूंच्या चांगल्या ओळखीचा आहे. गोठ्यात दोन दिवस मूत साचून राहिले, किंवा युरिया खत मातीत न मिसळता ओल्या जमिनीवर तसेच पडू दिले, की जो वास येतो तोच हा वास. त्याचे नाव अमोनिया. आणि तो मोरीच्या अंगाला येतो याचे कारणही तेच आहे. मोरीच्या रक्तात आणि मांसात युरिया असतो. थोडाथोडका नव्हे, भरपूर असतो. मासा मेला की सूक्ष्म जंतू त्या युरियाचा अमोनिया करू लागतात.

मोरी म्हणा, मुशी म्हणा, शिकलेले लोक शार्क म्हणतात तेही म्हणा. सारे एकाच कुळातले मासे. त्यांच्या अंगात हाडे नसतात, नुसती कूर्चा असते. आपल्या नाकाचे टोक आणि कानाचा वरचा भाग ज्या लवचीक द्रव्याचा असतो, त्याच द्रव्याचा त्यांचा सांगाडा. आता तुम्ही विचाराल, की ज्या युरियाला आपले शरीर लघवीवाटे बाहेर टाकते, ती घाण हा मासा अंगात का साठवून ठेवतो? याचे उत्तर मिठात आहे. ते समजले, की या माशाच्या आतड्याच्या शेवटी लोंबणाऱ्या बोटभर अवयवाचे काम समजते. आणि ते काम ज्यांनी उलगडले त्यांच्या हाती पटकीच्या रोगाचे एक गूढही लागले. पण ते पुढे येईल. आधी मीठ.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. चहाचे सहा-सात चमचे भरतील इतके. त्यांत मोठा वाटा आपल्या रोजच्या मिठाचा. अशा पाण्यात जो जीव राहतो त्याच्यापुढे पहिला प्रश्न हा, की अंगातले पाणी अंगात राहील कसे? कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले म्हणजे रात्रीतून खाली पाणी सुटते, हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. फोडीतले पाणी कमी खारट, बाहेरचे मीठ जास्त. मधे पेशींचा पातळ पडदा. अशा वेळी पाणी आपण होऊन जास्त खारट बाजूकडे जाते. गुरुजनांनी वर्गात हे जरूर दाखवावे. बटाट्याच्या दोन सारख्या चकत्या कापा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी मीठ घातलेल्या दाट पाण्यात. तासा-दोन तासांनी मुलांच्या हातात द्या. साध्या पाण्यातली चकती ताठ असेल, मिठातली लुळी पडलेली असेल. एवढे मुलांनी बोटांनी अनुभवले म्हणजे पुढचे सगळे सोपे जाते.

बांगडा, पापलेट, सुरमई अशा हाडांच्या माशांच्या रक्तातले क्षार समुद्राच्या मानाने जवळपास एक-तृतीयांश असतात. म्हणजे समुद्रातला पापलेट हा एका अर्थी मिठात घातलेली कैरीची फोडच आहे. त्याच्या अंगातले पाणी सारखे बाहेर जाऊ पाहते. तो काय करतो? तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातले जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. आपल्याला हे साधणार नाही. आपली मूत्रपिंडे समुद्राइतकी खारट लघवी करू शकत नाहीत; म्हणून समुद्राचे पेलाभर पाणी प्यायले तर त्यातले मीठ धुऊन काढायला पेल्याहून अधिक पाणी अंगातूनच खर्ची पडते. होडी भरकटलेली माणसे समुद्राचे पाणी पिऊन अधिकच तहानेली होतात ती याच हिशेबाने.

मुशीने दुसराच उपाय काढला आहे. तिच्या रक्तातले क्षार समुद्राच्या जवळपास निम्मे असतात, आणि उरलेली तूट ती युरियाने भरून काढते. तिच्या एक लिटर रक्तात सुमारे २० ग्रॅम युरिया असतो. निरोगी माणसाच्या रक्तात तो लिटरला अर्ध्या ग्रॅमहूनही कमी सापडतो. त्याच्या कितीतरी पट वाढला तर डॉक्टर धावाधाव करतात. मुशीची मूत्रपिंडे मात्र गाळलेला युरिया पुन्हा उचलून रक्तात परत करतात. युरियाचा हा साठा १८५८ मध्ये स्टेडेलर आणि फ्रेरिक्स या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रथम दाखवला, आणि त्याचा समुद्रातील जीवनाशी असलेला संबंध पुढे अमेरिकेतील होमर स्मिथ यांनी १९३० च्या दशकात उकलून सांगितला. मीठ अधिक युरिया मिळून मुशीचे रक्त समुद्राच्या पाण्याहून किंचित जास्तच दाट होते. मग पाणी बाहेर जायचे राहिले बाजूला, ते कल्ल्यांतून हळूहळू आपणच आत झिरपते. मुशीला पाणी प्यावे लागत नाही. फुकटचे गोडे पाणी घरपोच! (इतका युरिया पेशींतल्या प्रथिनांना बाधतो खरा. पण मुशीच्या अंगात त्याच्यावर उतारा म्हणून ट्रायमिथिल अमाइन ऑक्साईड नावाचे आणखी एक द्रव्य असते, ते प्रथिनांना सांभाळून घेते. माशाला जो नेहमीचा ‘मासळीचा’ वास येतो त्याचे मूळ या दुसऱ्या द्रव्यात आहे.)

पाण्याचा प्रश्न असा सुटला, पण मिठाचा सुटला नाही. नीट पाहा. रक्तातले मीठ समुद्राच्या निम्मे. तेव्हा समुद्रातले मीठ कल्ल्यांच्या पातळ कातडीतून रात्रंदिवस आत शिरत राहणार. त्यात मुशीचे खाणे माकुल, खेकडे असे. या प्राण्यांच्या अंगातले पाणी समुद्राइतकेच खारट असते. एकेका जेवणाबरोबर मिठाचा एकेक डोस पोटात जातो. तो बाहेर कोण काढणार? मुशीची मूत्रपिंडे रक्ताहून अधिक खारट लघवी करू शकत नाहीत. म्हणजे नाला आहे, पण त्याचा उतार पुरत नाही.

मुशीच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला, पाठीच्या बाजूने, बोटाच्या आकाराची एक छोटी ग्रंथी चिकटलेली असते. तिला गुदग्रंथी म्हणतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती फार दिवसांपासून माहीत होती. आपल्याकडे बी. एस्सी.च्या वर्गांत स्कोलिओडॉन नावाची मुशी फाडून दाखवण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. या मुशीवर थिल्लयंपलम यांनी लिहिलेले पुस्तक १९२८ मध्ये निघाले आणि हजारो विद्यार्थ्यांनी त्यावरून धडे घेतले. चित्रात ग्रंथी दाखवायची, नाव लिहायचे, पुढे जायचे. ती तिथे कशासाठी आहे, हे कोणी सांगू शकत नव्हते.

ते १९६० मध्ये कळले. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. त्याच्या किनाऱ्याजवळ माउंट डेझर्ट नावाच्या बेटावर एक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आहे. ती १८९८ मध्ये दुसऱ्या गावी सुरू झाली आणि १९२१ मध्ये या बेटावर आली. तिथला समुद्र थंड, आणि त्यात काटेरी मुशी नावाची तीन-चार फुटी मुशी विपुल. पाठीवरच्या दोन्ही परांपुढे एकेक काटा असतो म्हणून हे नाव. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्राध्यापक आणि डॉक्टर तिथे जमत आणि ताज्या पकडलेल्या माशांवर काम करीत. वेंडेल बर्गर हे अशांपैकी एक. त्यांनी गुदग्रंथीच्या नळीत बारीक नळी बसवली आणि थेंब गोळा केले. थेंब तपासले तर त्यांत जवळजवळ नुसते मीठ! रक्तात जितके मीठ असते त्याच्या सुमारे दुप्पट, समुद्राच्या पाण्याहूनही थोडे अधिक. आणि युरिया? जवळजवळ नाहीच. म्हणजे काय झाले ते पाहा. मूल्यवान युरिया घरात ठेवून ग्रंथी केवळ नको असलेले मीठ उचलून बाहेर टाकते. थेंबाचा एकंदर दाटपणा रक्ताइतकाच असतो; फक्त युरियाची जागा मिठाने घेतलेली असते. यासाठी पाणीही फारसे वाया जात नाही.

ठाण्याच्या किंवा रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत त्यांना गंमत वाटेल. तिथे माणूस समुद्राचे पाणी आत घेऊन, उन्हात आटवून मीठ करतो. मुशीचे मिठागर उलट चालते: मीठ आतून बाहेर.

हा शोध एकटा नव्हता. त्याच्या जरासे आधी, १९५८ च्या सुमारास, श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते, की समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांवर असलेल्या ग्रंथी खारट पाणी करतात आणि ते नाकातून ठिबकते. समुद्री कासवांच्या डोळ्यांतून वाहणारे ‘अश्रू’ त्याच जातीचे. किनाऱ्यावर अंडी घालायला आलेली कासवी रडते असे लोक म्हणतात. बिचारी मीठ टाकीत असते.

आता आपण मुद्द्याशी आलो. ही गुदग्रंथी सतत चालत नाही. कधी तासन्‌तास गप्प असते, कधी जोरात सुरू होते. विशेषतः मुशी जेवली, की काही वेळाने तिचे काम वाढते. मग तिला ‘आता सुरू हो’ आणि ‘आता थांब’ असे सांगते कोण?

शरीरात निरोप पोचवण्याच्या दोन रीती आहेत. एक मज्जातंतूंची, ती तारेसारखी, ठरावीक ठिकाणीच जाते. दुसरी रीत गावातल्या दवंडीची. कोतवाल डफ वाजवीत सगळ्या आळ्यांतून फिरतो. दवंडी सर्वांच्या कानावर पडते, पण ज्याचा शेतसारा बाकी आहे तोच उठून चावडीकडे जातो. शरीरातली दवंडी म्हणजे संप्रेरक, ज्याला डॉक्टर हार्मोन म्हणतात. एका ठिकाणी ते तयार होते, रक्तात मिसळते, रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. पण ज्या पेशींवर ते ऐकणारे ‘कान’ आहेत त्याच पेशी हालचाल करतात.

गुदग्रंथीला दवंडी कोण पिटतो हे शोधायला बोस्टनचे मूत्रपिंडाचे डॉक्टर फ्रँकलिन एप्स्टाइन, पॅट्रिसिओ सिल्वा, स्टॉफ, सॉलोमन आणि त्यांचे सहकारी दरवर्षी मेनला जात राहिले. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मुशीमागे का लागावे? कारण साधे आहे. मूत्रपिंड एकाच वेळी दहा कामे करते. त्यात एक काम वेगळे काढून पाहणे म्हणजे आठवडी बाजारात एका माणसाचे बोलणे ऐकण्यासारखे. गुदग्रंथी एकच काम करते, आणि ते चोख करते. शिवाय ती माशातून काढून रक्तवाहिनीत खारे पाणी सोडत राहिले तर कित्येक तास जिवंत राहते. थेंब मोजावेत, औषध घालावे, पुन्हा मोजावेत.

असे करता करता १९७७ मध्ये आढळले, की पेशीच्या आतला सायक्लिक ए. एम. पी. नावाचा एक लहानसा पदार्थ वाढवला की ग्रंथी धो धो वाहू लागते. १९७९ मध्ये तो पदार्थ वाढवणारे संप्रेरक सापडले. ते आतड्याच्या भिंतीतले एक प्रथिनखंड. त्याचा शोध सैद आणि मट यांनी १९७० मध्ये डुकराच्या आतड्यातून लावला होता. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे व्ही. आय. पी. अशी येतात. मंत्र्याशी किंवा बड्या पाहुण्याशी त्याचा काही संबंध नाही! ते मुशीच्या ग्रंथीतल्या मज्जातंतूंच्या टोकांतही असते. ते पेशीच्या बाहेरच्या ‘कानावर’ पडले, की पेशीच्या आत सायक्लिक ए. एम. पी. वाढते. दवंडीवाला वाड्याच्या आत येत नाही. देवडीवरचा माणूस आत जाऊन निरोप देतो, तसे हे. हा देवडीवरचा निरोप्या यकृतावर काम करताना प्रथम सदरलँड यांना सापडला. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण व्ही. आय. पी. सोडायचे कधी, हे तरी कोण ठरवते? सहज वाटेल की रक्त खारट झाले की ग्रंथी सुरू होत असेल. तसे नाही, आणि मला या साऱ्या कथेत हाच भाग सर्वांत सुरेख वाटतो. १९८४-८५ मध्ये सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुशीच्या रक्तात तिच्या रक्ताइतकेच खारट पाणी सोडले. म्हणजे खारटपणा वाढला नाही, फक्त रक्ताचे आकारमान वाढले. तरी ग्रंथी सुरू झाली. ग्रंथी शरीराबाहेर काढून, मज्जातंतू तोडून, केवळ रक्ताच्या नळ्यांनी माशाला जोडून ठेवली, तरीही सुरू झाली. तेव्हा निरोप तारेने नव्हे, रक्तातून येत होता हे उघड झाले. मुशीच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. तिच्या अंगात मीठ शिरले की त्याच्या पाठोपाठ कल्ल्यांतून पाणीही शिरते. मीठ वाढले म्हणजे रक्ताचे आकारमान वाढले, असा तिचा रोकडा हिशेब आहे. तळ्याच्या काठावरची खूण पाहिली की पाऊस किती झाला ते कळते, त्यातला हा प्रकार.

मग ही खूण पाहतो कोण? हृदय. १९८१ मध्ये कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीतून भराभर मीठ जाऊ लागले. हृदय हा नुसता पंप नव्हे, तीही एक संप्रेरक ग्रंथी आहे, असे त्या दिवशी ठरले. पुढे मुशीच्या हृदयातही त्याच कुळातले संप्रेरक मिळाले. रक्त वाढून हृदय ताणले गेले की ते सुटते, रक्तातून गुदग्रंथीपर्यंत जाते, तिच्या पेशींना सरळ चालना देते आणि वर तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांतून व्ही. आय. पी.ही सोडवते. माणसाचे हृदयही ताण पडला की असे संप्रेरक सोडते. हृदय थकलेल्या रोग्याचे रक्त तपासून डॉक्टर आज त्याचे प्रमाण मोजतात. जास्त निघाले तर हृदयावर भार आहे असे समजतात.

थांबवणारेही कोणी हवे. सोमॅटोस्टॅटिन नावाचे संप्रेरक ते काम करते. ते ग्रंथीला लगाम घालते. याखेरीज मुशींच्या मूत्रपिंडांमध्ये असलेली एक ग्रंथी एक खास स्टेरॉईड तयार करते. ते मुशी आणि पाकट यांच्या कुळाबाहेर सापडत नाही. १९६६ मध्ये आयडलर आणि ट्रस्कॉट यांनी ते ओळखले. त्याचे काम सावकाशीचे असते. त्यात आज शिरायला नको.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. काटेरी मुशीला जे लागू ते सर्व मुशींना लागू, असे नाही. युरोपच्या किनाऱ्यावरच्या एका लहान ठिपकेदार मुशीवर व्ही. आय. पी.चा परिणाम होत नाही. तिच्या ग्रंथीला आतड्यातले वेगळेच प्रथिन जागे करते, असे शटलवर्थ आणि थॉर्नडाइक यांनी १९८४ मध्ये दाखवले. एक शीत चाचपून भाताची परीक्षा होते. माशांची होतेच असे नाही.

आता ग्रंथीची पेशी निरोप मिळाल्यावर करते काय? हा भाग थोडा सावकाश वाचा. पेशीची एक बाजू रक्ताकडे, दुसरी ग्रंथीच्या नळीकडे. मीठ रक्ताकडून नळीकडे न्यायचे आहे. तुम्ही म्हणाल, मीठ उपसणारा पंप नळीच्या बाजूला असेल. तो तिथे नाही! तो रक्ताच्या बाजूला आहे, आणि तो सोडियम उपसून परत रक्तातच टाकतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. (हा पंप येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधला, नोबेल मिळायला १९९७ साल उजाडले.) उलटे वाटते ना? पण यातच खुबी आहे. पंपामुळे पेशीच्या आत सोडियमचा दुष्काळ पडतो. मग रक्तातले सोडियम आत घुसायला धडपडते. त्याला आत येण्यासाठी एक दार आहे, पण त्या दारावर नियम असा, की एकट्याला प्रवेश नाही. चौघांची टोळी हवी: एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराईड. सोडियमच्या धडपडीचा फायदा घेऊन क्लोराईड आत येते. सोडियमला पंप पुन्हा रक्तात फेकतो, पोटॅशियमही आपल्या वाटेने रक्तात परतते. क्लोराईड मात्र आत साचत जाते. नळीकडच्या बाजूला क्लोराईडची एक खिडकी आहे, ती एरवी बंद असते. व्ही. आय. पी.चा निरोप आला, सायक्लिक ए. एम. पी. वाढले, की ती खिडकी उघडते. साचलेले क्लोराईड नळीत उतरते. त्याच्यावर ऋण विद्युत भार असल्यामुळे धन भाराचे सोडियम दोन पेशींच्या फटींतून त्याच्यामागे ओढले जाते. सोडियम आणि क्लोराईड एकत्र आले म्हणजे मीठ झाले. त्याच्या पाठोपाठ पाणी. सगळ्या दंडाची किल्ली शेवटी एका खिडकीत आहे.

अंगावर सूज आली, दम लागू लागला, की डॉक्टर लघवी वाढवणारी फ्युरोसेमाइडची गोळी देतात. ती गोळी आपल्या मूत्रपिंडातले ‘चौघांच्या टोळीचे’ दार बंद करते. मुशीच्या ग्रंथीत तेच औषध घातले तर तिचेही दार बंद होते आणि थेंब थांबतात. आणि ती क्लोराईडची खिडकी? तिची माणसातली प्रत ज्या जनुकात लिहिलेली आहे ते १९८९ मध्ये सापडले. ते बिघडले तर लहान मुलांची फुप्फुसे चिकट कफाने भरतात. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा तो आनुवंशिक रोग. मुशीतली तिची जोडीदार १९९१ मध्ये मिळाली. माणसाच्या खिडकीशी ती पुष्कळशी जुळते.

इथे मी मघाशी म्हटलेली पटकी येते. आपल्या लहान आतड्याच्या पेशींतही हीच व्यवस्था आहे: तोच पंप, तेच टोळीचे दार, तीच खिडकी, तोच देवडीवरचा निरोप्या. खिडकी थोडी उघडावी, अन्न ओलसर व्हावे आणि पुन्हा बंद व्हावी, असा रोजचा क्रम. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले, की पटकीचे जंतू एक विष सोडतात आणि आतड्यात पाणी उतरते ते त्या विषाने. पुढच्या संशोधनात कळले की ते विष निरोप्याला ‘चालू’वरच अडकवून ठेवते. खिडकी उघडते ती मिटत नाही. क्लोराईड, मागून सोडियम, मागून पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. मुशी जे थोडा वेळ आणि मोजून करते, तेच रोग्याच्या आतड्यात मोकाट सुटते. माणूस जंतूने मरत नाही, पाणी आणि मीठ संपल्याने मरतो.

मग साधे पाणी का पाजू नये? नुसते पाणी टिकत नाही आणि नुसते मीठही शोषले जात नाही. पण आतड्यात आणखी एक दार आहे, आणि पटकीचे विष त्याला हात लावीत नाही. त्याचाही नियम जोडीचा: साखरेतले ग्लुकोज आणि सोडियम बरोबर आले तरच आत घ्यायचे. दोघे आत गेले की पाणी मागोमाग जाते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांच्यापाशी शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडले. त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि नातेवाइकांना पाजायला सांगितले. शंभरातले तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले.

हे पाणी घरी करायचे असेल तर माप असे: उकळून गार केलेले एक लिटर स्वच्छ पाणी, त्यात साखरेचे सपाट सहा चहाचे चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नये. जास्त झाले तर लहान मुलाला घातक ठरते. आरोग्य केंद्रात ओ. आर. एस.ची पुडी मिळते ती याहून चांगली. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, तर पाणी पाजत पाजत दवाखाना गाठावा.

पुन्हा मुशीकडे येऊ. तिची गुदग्रंथी काढून टाकली तर ती लगेच मरत नाही. मूत्रपिंडे काही भार उचलतात. मिठाचा मोठा डोस मात्र तिला झेपत नाही. आणि मुशी गोड्या पाण्यात गेली तर? बहुतेक जात नाहीत. पण एक जाडजूड मुशी, जिला इंग्रजीत बैलाचे नाव आहे, नद्यांतून शेकडो मैल आत जाते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा सरोवरात ती पूर्वीपासून सापडते. गोड्या पाण्यात मीठ टाकायचे नसते, उलट जपायचे असते. ओगुरी यांनी १९६४ मध्ये त्या सरोवरातल्या मुश्यांची गुदग्रंथी तपासली तेव्हा ती समुद्रातल्या मुश्यांपेक्षा लहान आणि उतरणीला लागलेली दिसली. दक्षिण अमेरिकेच्या ॲमेझॉन नदीत मुशीचे चुलत भाऊबंद पाकट आहेत. ते युगानुयुगे गोड्या पाण्यातच राहिले. त्यांच्या रक्तात युरिया जवळजवळ उरलेला नाही आणि ग्रंथीचा नुसता अवशेष राहिला आहे. काम गेले, मिठागर ओस पडले.

किनाऱ्याजवळच्या शाळांतल्या गुरुजींना एक सुचवतो. कॉलेजांतून मुशी फाडण्याची चाल आता बहुतेक बंद झाली आहे, आणि त्यासाठी मुद्दाम मासा मारण्याचे कारणही नाही. पण मोरी साफ करणाऱ्या कोळीणबाईला विनंती केली तर ती आतडे टाकून न देता बाजूला ठेवील. ते केळीच्या पानावर ठेवून कात्रीने उभे चिरा. आत कागदाची सुरळी करून ठेवावी तशी कातडीची गुंडाळी दिसेल. अन्न त्या गुंडाळीतून हळूहळू सरकत जाते. ती गुंडाळी जिथे संपते तिथून पुढे, आतड्याच्या पाठीकडच्या बाजूने, बोटाच्या पेरासारखा एक छोटा लांबट गोळा चिकटलेला सापडेल. मोरी लहान असेल तर तो करंगळीहून बारीक असतो, तेव्हा घाईने चिरू नका.